पुकारेमामा आणि गल्लीतल्या फटफट्या

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या नावाचा पुकारा झाला.

मी स्वयंपाकघरात हातातला नवा चुडा सावरत दूध तापवत होते. बाहेर गल्लीत कुणीतरी तालमीच्या पलीकडेही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडलं, "सौभाग्यवती सुमन विजय माने हाजिर हाय काऽऽऽ?"

माझ्या हातातली सांडशी खाली पडली. मी नाशिकची. आमच्याकडे पोलीससुद्धा आधी कडी वाजवतात. मी सांडशी उचलेपर्यंत दुसरा पुकारा झाला, आणि मी पळत सासूबाईंकडे गेले तोवर तिसरा. सासूबाई सुपातले तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"जा की. हजर हाय म्हण. न्हाईतर गैरहजर धरील आणि दिवसभर बोलून दाखवील."

मी दारात गेले. समोर एक उंच, काटकुळा म्हातारा उभा. पांढरा शर्ट, काळी टोपी, कमरेत जरासा वाकलेला, पण छाती पुढे. मी कशीबशी म्हटलं, "हजर आहे."

"आवाज कमी पडतोय सूनबाई," तो म्हातारा म्हणाला, "पण नवीन हायसा, चालवून घिऊ." आणि माझ्या हातावर दोन पिकलेले पेरू ठेवून चालता झाला.

हे पुकारेमामा. खरं नाव रामचंद्र ज्ञानू मोहिते, पण ते पोस्टमन सोडला तर कुणाच्या ध्यानात नसावं. उभी नोकरी त्यांनी कोर्टात शिपाई म्हणून केली. कोर्टाच्या दारात उभं राहायचं, आतून साहेबांनी कागद पाहून नाव सांगितलं की बाहेर वऱ्हांड्यात तीनदा पुकारायचं, तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही तर आत जाऊन "गैरहजर" म्हणून सांगायचं. एवढंच काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की निवृत्त झाल्यावरही थांबवता आलं नाही. "पेन्शन मला मिळाली," ते सांगत, "गळ्याला न्हाई मिळाली."

मग गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांचा पुकारा. भाजीवालीला, न्हाव्याला, नगरसेवकाला. त्यांच्या मांजरीलासुद्धा. संध्याकाळी वाटीत दूध घालून ते दारात उभे राहत आणि पुकारत, "मनी काळू बोका हाजिर हाय काऽऽऽ?" काळू बोका म्हणजे पिठाच्या गिरणीवरचा एक काळा बोका. मनीचे वडील तेच, याबद्दल मामांना शंका नव्हती. मांजराला बापाचं नाव लावणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी एकदा विचारलं, "मामा, नुसतं नाव पुरत नाही का?"

"नुसतं नाव म्हंजे अर्धा माणूस," मामा म्हणाले. "वऱ्हांड्यात जाऊन नुसतं 'बाबूराव' म्हणून बगा. धा जण उठत्यात. बाप लावला की एकच उठतो."

त्यांची सगळी भाषाच कोर्टाची. चहा पांचट झाला की "नामंजूर". पाऊस आला म्हणून रंकाळ्याला फिरायला जाणं हुकलं की "तहकूब". आमचे हे दळण आणायचं विसरले की सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "तारीख पडली वाटतं." घरात ते एकटेच होते. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे, आणि भाकरी नीट फुगली तर शेजारच्या भिंतीला ऐकू जाईल असं "मंजूर!" म्हणायचे. ती शेजारची भिंत आमची.

अशा माणसानं आमच्या गल्लीत शांतता आणली, हे मी नाशिकला सांगितलं तेव्हा माहेरच्यांना मी थट्टा करतेय असं वाटलं.

झालं असं, की ऐंशीच्या आगेमागे आमच्या पेठेत फटफट्या वाढल्या. आधी गल्लीत दोन-चारच होत्या. मग फौंड्रीत कामाला जाणाऱ्या पोरांच्या हातात पगार आला, जुन्या गाड्या आल्या, आणि त्याबरोबर एक नवं वेड आलं. सायलेन्सरच्या आतली पुंगळी काढून टाकायची. पुंगळी काढली की गाडी अशी फाडफाड वाजते की बसणाऱ्याला आपण फौजेत आहोत असं वाटतं. फुटबॉलचा सामना जिंकला की आमच्या तालमीची पोरं त्या गाड्या घेऊन पेठेला फेरी मारायची. सामना हरला तरी मारायचीच, आवाज थोडा जास्त करून.

गल्ली आमची अरुंद. दोन्ही बाजूंना घरं अंगावर आलेली. एक गाडी शिरली की फडताळातली भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. रेडिओवरच्या बातम्यांत नेमकी महत्त्वाची बातमी गाडीखाली जायची. माझा मुलगा तेव्हा पाळण्यात होता. त्याला थोपटून थोपटून झोपवावं आणि फाडफाड करत गाडी यावी, की तो दचकून असा रडायचा की गाडी गेल्यावरही तिची आठवण राहावी. मी नोकरीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर कानाला यंत्र लावून "हॅलो सांगली, हॅलो बेळगाव" करून यायची. घरी आल्यावर मला जगातला कुठलाच आवाज नको असायचा.

एका रविवारी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर गल्लीची बैठक भरली. सगळे एकदम बोलत होते. शेवटी मामांनी उठून "कोर्टात शांतता राखाऽऽ!" असा आवाज दिला, की देवळातली कबुतरं उडाली आणि लोक गप्प झाले.

"ह्यो आवाज कमी करायचा कसा, ते ठरवा," मामा म्हणाले.

"आधी तुमचा करा," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. मामाही हसले.

"माझा आवाज कामाचा हाय," ते म्हणाले. "त्या पोरास्नी पोचायचं कुठं असतंय? गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतोर. आनि त्यासाठी आख्खी पेठ हालवायची?"

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी "पुस्तकातलं" आहे असा गल्लीचा समज होता. आम्ही सात-आठ जण तो घेऊन चौकीवर गेलो. हवालदार भला माणूस होता. त्यानं अर्ज वाचायला घेतला, तेवढ्यात बाहेर चौकीची जीप सुरू झाली. तिचा सायलेन्सर तारेनं बांधलेला होता. ती निघून जाईपर्यंत आम्ही नुसते एकमेकांची तोंडं हलताना बघत राहिलो. मग हवालदार म्हणाला, "काय म्हणत होता?"

परत येताना तालमीच्या कोपऱ्यावर मामा एकदम थांबले.

"सूनबाई," ते म्हणाले, "आपल्याला चौकी कशाला पायजे? नावं मला ठावं हाईत. बापांचीबी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर उभे राहिले. दिवेलागणीची वेळ. फौंड्रीची पाळी सुटलेली. पहिली गाडी फाडफाड करत आली. मामांनी ती जाऊ दिली. ती जरा पुढे गेली आणि त्यांनी छाती भरून घेतली.

"विलास आनंदा चव्हाण हाजिर हाय काऽऽऽ?"

गाडी डगमगली.

"विलास आनंदा चव्हाण हाजिर हाय काऽऽऽ?"

खिडक्या उघडल्या. समोरच्या सलूनमधून स्वतः आनंदा चव्हाण अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच घेऊन बाहेर आले. त्यांचा स्वभाव तापट, आणि आपलं नाव असं भर रस्त्यात ऐकायची त्यांना सवय नव्हती.

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कोण मेलेलं न्हाई," मामा म्हणाले. "तुमच्या चिरंजीवांच्या गाडीची पुंगळी मेलीया."

तिसरा पुकारा करायची गरजच पडली नाही. गाडी बंद करून, मान खाली घालून विलास परत आला. बाप पुढ्यात, गल्ली खिडक्यांत, आणि कोपऱ्यावर मामा. "पुंगळी बसवून घेतो," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा, नोंद घ्यायची हाय."

"बसवतो म्हटलं की!"

"निकाल!" मामांनी जाहीर केलं.

मग रोज संध्याकाळी हे कोर्ट भरू लागलं. पोरांनी आधी हसण्यावारी नेलं, पण पेठेत एक गोष्ट सगळ्यांना जपावी लागते, ती म्हणजे बापाचं नाव. ते चौकात तीनदा ऐकू आलं की घरी जेवताना विचारणा होतेच. एकेक पुंगळी जागेवर जाऊ लागली. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं मला सांगितलं, की अशी उलटी गिऱ्हाइकं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पूर्वी पोरं काढायला येत, आता बसवायला येत होती, तीही इकडेतिकडे बघत.

एक अडचण आली ती शामराव गवळ्याची. त्याची गाडीही तशीच, पण कारण वेगळं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात गवळी आपल्या म्हशी सजवतात आणि फटफटीमागं पळवतात. म्हैस मालकाच्या गाडीचा आवाज ओळखते आणि त्या आवाजामागं जीव खाऊन धावते. शामरावची हरणी त्यात पेठेत नावाजलेली.

"तुमी म्हंता ते समदं खरं हाय," शामराव मामांना म्हणाला, "पर पुंगळी बसवली तर माझी हरणी मला वळखायची न्हाई. पाडव्याला ती हितं आनि मी तितं. पेठंत तोंड दाखवू का नगं मी?"

मामांनी गंभीरपणे विचार केला. "तिला आवाज लागतो न्हवं? मग गाडीचाच कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी गोठ्याशी जाऊ लागले. मूठभर पेंड हातात घ्यायची आणि पुकारायचं, "हरणी शामराव गवळी हाजिर हाय काऽऽऽ?" पहिल्यांदा हरणीनं फक्त कान हलवले. गवळ्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. पण दिवाळी जवळ आली तोवर अशी गत झाली की मामा चहाला निघाले आणि सवयीनं पुकारले, तर हरणी दाव्याची खुंटी उपटून त्यांच्यामागं हॉटेलापर्यंत आली आणि दारात उभी राहिली. आत बसलेली माणसं भजी सोडून मागच्या दारानं पळाली.

"हजर!" मामा आनंदानं म्हणाले.

शामरावनं हात जोडले. पुंगळी बसली. फक्त पाडव्याच्या एका दिवसाला ती काढायची सवलत मामांनी मंजूर केली. "परंपरंला आमची हरकत न्हाई," ते म्हणाले. त्या पाडव्याला हरणी पळाली, आणि शामराव आजही सांगतो की ती गाडीमागं पळाली. आम्हाला मात्र चौकाच्या टोकाला उभे असलेले मामा दिसत होते.

असं सगळं छान चाललेलं असताना गल्लीच्या टोकाच्या खोलीत हौसाबाई आणि तिचा मुलगा राहायला आले.

हौसाबाई एका खानावळीत भाकऱ्या करायची. सकाळी उठून जायची, दुपार कलल्यावर यायची, कुणाशी फार बोलायची नाही. मुलगा संजय फौंड्रीत लेथवर कामाला. विशी-बाविशीचा, रुंद खांद्याचा, कमी बोलणारा. त्याच्याकडे भंगारातून एकेक भाग आणून स्वतः जुळवलेली गाडी होती. तिचा आवाज आधीच्या सगळ्या गाड्यांची बेरीज वाटावी असा. ती गल्लीत शिरली की माझा मुलगा रडायचाही विसरायचा आणि नुसता डोळे मोठे करून बघत राहायचा.

पहिल्या संध्याकाळी गल्ली खिडक्यांत येऊन थांबली. गाडी आली. मामांनी छाती भरून घेतली, गाडीवरच्या मुलाकडे पाहिलं, टोकाच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलेल्या हौसाबाईकडे पाहिलं. आणि तो श्वास तसाच सोडून दिला. पुकारा झालाच नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तर गाडी यायच्या वेळेला मामा देवळात जाऊन बसले.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. आमचीच पोरं सापडली काय, असं लोक म्हणू लागले. विलासनं तर बापाला बजावलं, की त्याला चालतंय तर मीही काढतो. त्या आठवड्यात एक-दोन गाड्या परत वाजायला लागल्याही. एवढी महिनोन्‌महिने जमवलेली शांतता आमच्या डोळ्यांसमोर विरत चालली.

शनिवारी संध्याकाळी चव्हाणांनी मामांना कोपऱ्यावर गाठलं.

"मोहिते, ह्यो काय न्याव तुमचा? आमची नावं चौकात धुतलीसा, आनि त्या पोराम्होरं तोंड शिवलं?"

मामांनी टोपी सारखी केली.

"का त्याच्या बापाचं नाव घावंना?" चव्हाण मोठ्यानं म्हणाले. "ते तरी आईला इचारून घ्या!"

दोघं-तिघं हसले. हौसाबाई नेमकी तेव्हा खानावळीतून येत होती. तिची पावलं थबकली, मग ती भिंतीच्या कडेनं, पदर ओढून, भराभर घराकडे गेली. चव्हाणांच्या तोंडावरचं हसू उतरलं. तो माणूस तापट होता, वाईट नव्हता.

मामा काय बोलतात याची सगळे वाट बघत होते. मामा "तहकूब" म्हणाले, तेही इतक्या हळू की मागच्यांनी काय, काय, म्हणून विचारलं. आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी शेजारच्या भिंतीतून "मंजूर" ऐकू आलं नाही. सासूबाईंनी मला भाकरी आणि पिठलं झाकून दिलं. "दिऊन ये. आनि जरा बस," त्या म्हणाल्या.

मामा चुलीपुढं बसले होते. चूल पेटलेली नव्हती. मनी त्यांच्या पायाशी.

"सूनबाई," थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्याच्या बापाचं नाव मला ठावं हाय."

मी पिठलं-भाकरी त्यांच्यापुढं सरकवली.

"त्या बाईला नवऱ्यानं टाकलेली. तिनं कोर्टात दावा घातला. दर तारखंला यायची, ह्या पोराला घिऊन. एवढंसं होतं." त्यांनी जमिनीपासून हात वर धरून दाखवला. "नवऱ्याच्या नावाचा पुकारा मीच करायचा. मी हाळी दिली की पोरगं आईचा हात सोडून जिन्याकडं तोंड करून उभं ऱ्हायाचं. त्याला वाटायचं, म्या बोलावलं म्हंजे बाप आता येनार. तिन्ही हाळ्या हुईस्तवर तसंच उभं. कोन येतंय? कवाच आला न्हाई. मग मी आत जाऊन 'गैरहजर' म्हनायचा."

मनीनं जांभई दिली. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"हितं गल्लीत ते नाव परत वरडू व्हय मी? त्या पोराच्या पाठीमागं?"

"मग त्याला नुसतं भेटून सांगा ना," मी म्हटलं. "पुकारा न करता."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा मार्ग जगात आहे हे त्यांना नव्यानंच कळत असावं. मग टोपी शोधत म्हणाले, "तुमी चला संगं. मी एकटा गेलो तर ती बाई भिईल. तिनं मला कोर्टातच बगितलेलं हाय."

मी मुलाला कडेवर घेतलं आणि आम्ही गेलो. संजय अंगणात उकिडवा बसून गाडीचा प्लग पुसत होता. हौसाबाई धुणं वाळत घालत होती. मामांना बघून तिचे हात दोरीवरच थांबले.

मामांनी घसा खाकरला. मग बोलू लागले, आणि मला समजेना की हे कोण बोलतंय. मऊ, जरासा घोगरा, हाताच्या अंतरावर ऐकू येईल एवढाच आवाज. हा आवाज त्यांच्याकडे होता हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"संजू, गाडीचा आवाज जरा कमी केलास तर बरं हुईल बाळा. हितं लहान पोरं हाईत, आजारी मानसं हाईत."

संजय पुसतच राहिला. मग वर न बघता म्हणाला, "समद्यांचा पुकारा करता. माजा करा की. नाव तर तुमाला पाठ आसंल."

मामा चपापले.

"तुमीच हाळी द्यायचा न्हवं?" संजय म्हणाला. "टोपी हीच हुती. मला आठवतंय."

"लई ल्हान हुतास रं तू."

"हुतो. तुमी वरडलासा की मला वाटायचं, आता येतोय." त्यानं प्लग पुन्हा पुसला. "घरी येताना मी आईला इचारायचो, त्यो मानूस आजून जरा मोठ्यानं का वरडत न्हाई?"

हौसाबाईनं तोंड फिरवलं. मामा हळूच गाडीशेजारच्या दगडावर बसले.

"नेम तीनदाचा असतो," ते म्हणाले. "तीन झाल्या की साहेब म्होरचं नाव सांगायचे. पर तुमच्या तारखंला मी आत 'गैरहजर' म्हनून यायचो, आनि जिना उतरून फाटकापतोर जायाचो. तितनं रस्त्याकडं तोंड करून चौथी हाळी द्यायचो. शिपायाला तसं करता येत न्हाई. साहेबांची एकदा बोलनीबी खाल्ली म्या. पर मी द्यायचो. दर तारखंला."

माझा मुलगा गाडीच्या चकचकीत टाकीवर हात आपटत होता.

संजयनं फडकं खाली ठेवलं. "पुंगळी मी हौसंनं न्हाई काढली," तो म्हणाला. आवाजातला ताठा गेला होता. "फौंड्रीत काय न काय हुतंय रोज. मी यीस्तवर आई दारात उभी ऱ्हाती. गाडीचा आवाज लांबनं आला की तिचा जीव भांड्यात पडतो, म्हनून."

"आरं येड्या," हौसाबाई पहिल्यांदाच बोलली, "त्या आवाजानंच माजं काळीज धडधडतंय. कुनीतरी मरायला भरधाव चाललंय वाटतं. तू चालत आलास तरी मला कळंल की. दारात उभी ऱ्हायाची ती ऱ्हानारच मी."

संजय तिच्याकडे बघत राहिला. मग मान हलवून हसला. आम्ही चहा घेऊन निघालो. चहा अगदीच पांचट होता. मामांनी तो "मंजूर" केला.

त्याच आठवड्यात संजयच्या गाडीला पुंगळी बसली. चव्हाणांनी विलासची पुन्हा स्वतः उभं राहून बसवून घेतली आणि हौसाबाईच्या दारात जाऊन, चपला बाहेर काढून, दोन शब्द बोलून आले. काय बोलले ते मला माहीत नाही. मामा कोपऱ्यावर उभे राहत, पण पुकारायला कुणी उरलंच नाही. संध्याकाळी गल्लीत पितळी कानातलं पडलं तरी ऐकू यावं अशी शांतता. मामा तिच्यात थोडे हरवल्यासारखे दिसत. अधूनमधून उगाचच माझ्या मुलाचा पुकारा करून तो दचकतो का बघत, आणि तो हसला की खूश होत.

हिवाळ्यात एका सकाळी संजयची गाडी मामांच्या दाराशी उभी दिसली. मामांची मुलगी गारगोटीजवळ दिली होती. मामा फारसे जात नसत. मुलगी बोलवायची, पण एसटीच्या स्टँडवर एकट्यानं ताटकळणं आता होत नाही, असं सांगून ते टाळायचे. हे कधीतरी संजयच्या कानावर गेलं असावं. तो सुट्टी बघून आला, आणि "चला, बसा" म्हणाला. मामा टोपीवरून मफलर बांधून, दोन्ही हातांनी संजयचे खांदे धरून, मागं बसले. गाडी गेली तेव्हा गल्लीला कळलंही नाही.

दिवस मावळायच्या आत परत आले. मी दारात तांदूळ निवडत होते. मामा उतरले, गुडघे चोळले, संजयला हात केला आणि माझ्यापाशी येऊन पायरीवर बसले. मुलीची, नातवाची खुशाली मी विचारली. समदी बरी हाईत, म्हणाले. हातातल्या पिशवीत मुलीनं दिलेले तांदूळ होते, त्यांचा वास घ्यायला लावला.

"वाटंत काय केलंत एवढा वेळ?" मी विचारलं.

"बोलत गेलो की," मामा म्हणाले. "जाताना, येताना. त्यो त्याचं सांगत हुता, मी माझं. वरडावं लागलं न्हाई." मफलरचं टोक त्यांनी बोटांभोवती गुंडाळलं. "वाटंत ऊस तोडत हुते, तितं गार वारं लागलं. तर मागं वळून म्हनाला, मामा, थंडी वाजती काय? मी म्हटलं, न्हाई बाबा. पुन्ना जरा म्होरं गेल्यावर परत इचारलं त्यानं."

"मग?"

"मग काय न्हाई. वाजत हुती थोडी," मामा त्या मऊ आवाजात म्हणाले, आणि तांदळाची पिशवी उचलून घरात गेले.